काटकसर कोणाच्या वांट्याची?

काटकसरीवर लिहावयास बसणें म्हणजे वाचकांची नाराजी आगाऊच पत्करणें होय. हा विषय निघाला कीं घरांतील वडील मंडळी मान डोलवितात, तरुण मंडळी हळूच उठून जातात, आणि जिच्या हातीं स्वयंपाकघर असतें ती बाई मनांतल्या मनांत म्हणते, "आतां पुन्हां माझ्याच डब्यांत डोकावणार!" तिचें हें म्हणणें खोटें नाहीं. या विषयावरचे आजवर वाचलेले बहुतेक लेख फोडणीला तेल किती घालावें, साबणाचा उरलेला तुकडा कोठें चिकटवावा, भाजीचे देठ कसे उपयोगांत आणावे, याच गोष्टींभोंवतीं घोटाळत राहतात. देठांची भाजी मीहि करतें आणि ती चांगली लागते. परंतु देठांनीं कोणाचें घर तरल्याचें मीं पाहिलें नाहीं, आणि ते फेंकल्यानें कोणाचें बुडाल्याचेंहि ऐकलें नाहीं.

घर कशानें बुडूं लागतें तें गेल्या दिवाळीच्या आधीं आमच्या माळ्यावर दिसलें. आमचें घर पुण्यांतलें. नव्वदी ओलांडलेल्या सासूबाईंपासून बालवर्गांत जाणाऱ्या नातवापर्यंत एका चुलीवर जेवणारे आम्ही अकरा जण. माळा आवरण्यास म्हणून चढलों आणि एकेक खोकें खालीं येऊं लागलें. वाटणाचीं विजेचीं यंत्रें तीन निघालीं. त्यांपैकीं एकाच्या खोक्याची पट्टीसुद्धां कोणीं फोडलेली नव्हती. कणीक मळण्याचें यंत्र, जें दोनदां वापरून धुण्याच्या कंटाळ्यानें वर गेलें होतें. पाण्याच्या बाटल्या चौदा. पायांना व्यायाम देणारें एक चाक, ज्यावर पुढें कित्येक महिने पंचे वाळत असत. एका चादरीच्या जोडीवर दुसरी फुकट मिळते म्हणून घेतलेल्या चादरी, ज्या आमच्या एकाहि गादीला पुरत नव्हत्या. धाकट्या दिरांनीं कौतुकानें बेरीज करावयास घेतली. ती लाखाच्या घरांत शिरूं लागली तेव्हां त्यांनीं मुकाट्यानें पेन्सिल खालीं ठेवली.

येथवर हंसण्यासारखें होतें. परंतु त्याच आठवड्यांत दिरांच्या मुलाचें, म्हणजे माझ्या पुतण्याचें, एक पत्र जाऊबाईंच्या हातीं लागलें आणि घरांतलें हंसणें थांबलें. त्याच्या कार्डावर चाळीस हजार रुपये थकले होते. व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे सरळ हिशेबानें वर्षाला ४२ टक्के. मुलगा बिचारा दरमहा दोन हजार रुपये नेमानें भरीत होता आणि आपण कर्ज फेडीत आहों अशा समजुतींत होता. आम्हीं कागदावर मांडून पाहिलें: चाळीस हजारांचें महिन्याचें व्याज १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के कर, म्हणजे २५२, उरले ३४८. दोन हजारांतून मुद्दल कमी झालें तें एवढेंच! आणि हें कर्ज कशापायीं झालें म्हणून विचारावें तर त्यालाहि नीटसें सांगतां येईना. जोडे, कानांत घालण्याचीं यंत्रें, मित्रांच्या वाढदिवसांच्या भेटी, घरपोंच मागविलेलें खाणें. व्यसन नव्हतें, जुगार नव्हता. एखादें मोठें पाप सांपडलें असतें तर निदान रागावण्यास कांहीं जागा तरी मिळाली असती.

आमच्या घरांत उधळ्या असा कोणीच नाहीं, हें मला येथें मुद्दाम नमूद करावयाचें आहे. तिसरें वाटणयंत्र ज्या सुनेनें मागविलें तिला पहिलीं दोन वर आहेत हें ठाऊकच नव्हतें. अकरा माणसांच्या घरांत काय आहे आणि काय नाहीं हें एकाहि माणसाला ठाऊक नसावें, आणि तरीहि प्रत्येकाला बसल्या जागेवरून काय वाटेल तें दहा मिनिटांत मागवितां यावें, अशी ही स्थिति आहे. पूर्वीं पैसा जातांना दिसत असे. नोट मोडावी लागे, उरलेली मोड मोजून घ्यावी लागे. २०१६ सालीं आपल्याकडे भ्रमणध्वनीवरून क्षणांत पैसे देण्याची सोय सुरू झाली, आणि ती खरोखर उत्तम सोय आहे. भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावरसुद्धां ती आज चालते. परंतु तिनें पैसा देण्यांतला तो अर्धा क्षणाचा जिव्हाळा, किंबहुना तो अर्धा क्षणाचा चिमटा, नाहींसा केला. हप्त्यांची गोष्ट त्याहून अवघड. सप्टेंबर २०१३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें 'शून्य टक्के व्याज' म्हणून मिरविणाऱ्या योजनांना हरकत घेतली. कारण व्याज नाहींसें होत नव्हतें, तें निरनिराळ्या आकारांच्या नांवाखालीं दडविलेलें असे. त्यानंतर 'विनाखर्च हप्ता' असें नवें नांव घेऊन तीच बाई दुसरें लुगडें नेसून दारांत उभी राहिली. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्त्यानें घेणाऱ्याला पुष्कळदां मिळत नाहीं. व्याज तेथेंच वसूल होतें.

त्याच माळ्यावर, पितळी समयांच्या पेटीखालीं, माझ्या आजेसासऱ्यांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्या सांपडल्या. लाल कापडाची बांधणी, बोरूसारखें ठसठशीत अक्षर, आणि रोजच्या रोज लिहिलेला हिशेब. दुपारभर मी त्या वाचीत बसलें आणि खरें सांगावयाचें तर मला त्यांचा मत्सर वाटला. काय ती शिस्त! घरांत एकच तिजोरी, एकच किल्ली आणि एकच वही. ज्याला जें हवें असेल त्यानें तें कोणाजवळ तरी तोंडानें बोलून दाखविलें पाहिजे. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्यें एक माणूस उभा होता. मला वाटतें, जुन्या घरांतील काटकसरीचें खरें मर्म या उभ्या असलेल्या माणसांत होतें. निम्म्या इच्छा त्याच्या दारापर्यंत जातां जातांच विरून जात असतील, कारण "कशाला हवें?" या साध्या प्रश्नाला जें उत्तर द्यावें लागतें तें आपल्याच कानांना पटत नाहीं. पुतण्याला जोडे घेण्यापूर्वीं कोणी एवढें विचारणारें असतें तर? मीं मनाशीं ठरविलें, दिवाळी झाली कीं घरांत पुन्हां एक वही आणि एक किल्ली सुरू करावयाची.

संध्याकाळीं ती वही घेऊन सासूबाईंजवळ गेलें. त्यांना आतां वाचवत नाहीं, म्हणून मीच एकेक पान वाचून दाखवूं लागलें. १९५५ सालच्या श्रावणापासून दर सोमवारीं एक नोंद येत होती: 'सौ. सूनबाईस देवदर्शन, २ आणे.' एकहि सोमवार चुकलेला नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, तेव्हां आजेसासऱ्यांनीं सरकारी कोष्टकाप्रमाणें दोन आण्यांचे १२ नये पैसे धरले आणि तेथून पुढें नोंद 'देवदर्शन, १२ न. पै.' अशी झाली. मी म्हणालें, "आई, तुमची देवभक्ति मोठी! सव्वादोन वर्षें एक सोमवार सोडला नाहीं."

सासूबाई हंसूं लागल्या. हंसतां हंसतां त्यांना ठसका लागला. "देव कसला ग! तो माझा चष्मा."

मग ती हकीगत बाहेर आली. सासूबाईंचें माहेर गिरगांवांतलें. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें शिधावाटप सुरू झालें तेव्हां त्या दहा वर्षांच्या होत्या, आणि दुकानापुढच्या रांगेंत पिशवी घेऊन उभें राहण्याचें काम त्यांचें असे. तांदूळ मुठीनें मोजून घेण्याची त्यांची संवय तेव्हांपासूनची. लग्न होऊन पुण्यास आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानांत आलें, कीं आपल्याला लांबचें दिसत नाहीं. अंगणांत कोण आलें तें ओळखूं येईना. एकदां दूध ऊतूं गेलेलें दिसलें नाहीं, एकदां हळदीकुंकवाला चुलत सासूबाईंना ओळख न दिल्याबद्दल चार दिवस बोलणीं खावीं लागलीं.

"मागितला असतात तर आणला नसता का?" मीं विचारलें.

"त्याच दिवशीं आणला असता," त्या म्हणाल्या. "मामंजी फार भले होते. पण मागायचा कसा? मीं सासूबाईंना सांगायचें, त्यांनीं मामंजींना, मग मामंजी ह्यांना बोलावून विचारणार, मग माजघरांत बैठक बसणार, कीं सुनेला कमी दिसतें, पाहायला गेलों तेव्हां हें कोणीं कां सांगितलें नाहीं? माझ्या वडिलांपर्यंत तें गेलें असतें. त्यापेक्षां देवळांत बाहेरूनच हात जोडायचे आणि दोन आणे पदराला बांधायचे."

सव्वादोन वर्षांत चौदा रुपयांच्या आसपास जमले. त्यांतून दशमान नाण्यांनीं दर सोमवारीं अर्धा पैसा खाल्ला, हें त्या अजून विसरलेल्या नाहींत. १९५७ च्या दिवाळीला त्या माहेरीं गेल्या, भावाच्या हातीं पैसे दिले, डोळे तपासून घेतले, आणि परत आल्या तेव्हां नाकावर चष्मा होता. घरांत सांगितलें, "भावानें भाऊबीज घातली." आजेसासऱ्यांनीं भावाचें कौतुक केलें आणि त्याला उलट एक धोतरजोडी पाठविली. तीहि नोंद त्या वहींत आहे, पुढच्या पानावर, किंमतीसह.

मी तें पान पुन्हां पुन्हां पाहत राहिलें. ज्या वहीचा मला दुपारीं मत्सर वाटला होता तिच्यांत प्रत्येक पैचा हिशेब होता. फक्त, त्या घरांतील एका बाईला सव्वादोन वर्षें समोरचें माणूस दिसत नव्हतें, याची नोंद कोठेंच नव्हती. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्यें उभा असलेला माणूस निरर्थक इच्छा अडवितो खरा. परंतु ज्याची जीभ आधींच बांधलेली आहे त्याची गरजहि तो अडवितो, आणि अडविली हें त्याला कळतसुद्धां नाहीं. आपल्या जुन्या घरांची काटकसर आपण वाखाणतों तेव्हां ती कोणाच्या वांट्याला किती आली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. कुटुंबप्रमुखाचा चहा, विडा आणि वर्तमानपत्र हें 'लागतें' या सदरांत जाई. सुनेचा चष्मा हें 'हवें' या सदरांत.

थोरामोठ्यांच्या घरींहि हा प्रश्न सुटलेला नव्हता. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या साध्या राहणीविषयीं महाराष्ट्रांत दुमत नाहीं. १८९६ सालीं स्थापिलेला आश्रम १९०० सालीं त्यांनीं हिंगण्यास झोंपडींत नेला, आणि दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते संध्याकाळीं पायीं हिंगण्याची वाट धरीत. स्वतःसाठीं त्यांनीं कांहींच राखलें नाहीं. आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धां संस्थेच्या स्वाधीन केली. हें वाचून आपले हात जोडले जातात, आणि जोडले जावेतच. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्या त्यागाची घरांतली बाजू त्यांतून कळते: मुलाबाळांच्या पुढच्या काळजीनें बायांना ती गोष्ट मुळींच रुचली नव्हती. अण्णांनीं आपल्या गरजा कमी केल्या हा त्यांचा मोठेपणा. पण त्याबरोबर बायांच्या निश्चिंतपणालाहि कात्री लागली, आणि ती चालवितांना बायांचा होकार हातांत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरीमुळें पहिली लहान होत नाहीं. पण पहिलीमुळें दुसरी झांकूंहि नये.

असो. दिवाळीनंतर एक किल्ली सुरू करण्याचा माझा बेत अर्थातच बारगळला. मग काय करावें याचा घरांत पुष्कळ खल झाला, आणि जें ठरलें तें येथें सांगतें. सर्वांना तें मानवेलच असें नाहीं.

प्रथम पुतण्याचें कर्ज. यजमानांच्या ठेवीवर बँक सात टक्के व्याज देत होती आणि पोरगा ४२ टक्के भरीत होता. एकाच घरांत या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं नांदत होत्या! ठेव मोडली, कर्ज एकरकमी फेडलें, आणि तो घराला दरमहा दोन हजार रुपये बिनव्याजी देतो. वीस महिन्यांत मोकळा होईल. जाऊबाईंना वाटलें होतें कीं त्याला कांहीं शिक्षा होईल. पण चार महिने तो एकटाच त्या ओझ्याखालीं निजत होता, आणि अकरा माणसांच्या घरांत त्याला एकाजवळहि बोलावेसें वाटलें नाहीं, याची शिक्षा कोणाला करावयाची?

मग स्वयंपाकघराच्या दारामागें एक कागद लावला. खाणें, औषध आणि शाळेच्या वस्तु सोडून पांचशे रुपयांच्या वरची जी वस्तु हवी असेल ती त्यावर तारीख घालून लिहावयाची आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत थांबावयाचें. घरांत ती वस्तु आधींच असेल तर पाहणारा माळ्याकडे बोट दाखवितो. जाऊबाईंनीं यांत एक दुरुस्ती सुचविली आणि तीच या सबंध व्यवस्थेचा प्राण आहे असें माझें मत झालें आहे: दुसऱ्याच्या ओळीवर कोणीं अवाक्षर बोलावयाचें नाहीं. हंसावयाचेंहि नाहीं. ओळ खोडावयाची ती ज्याची त्यानें. सहा महिन्यांत त्या कागदावर ४१ ओळी पडल्या आणि त्यांतल्या २६ लिहिणाऱ्यांनींच खोडल्या. माझ्या स्वतःच्या पांच होत्या. चार खोडल्या, आणि पांचवी खोडावयास हवी होती हें ती वस्तु घरांत आल्यावर कळलें.

खरा वाद झाला तो हातखर्चावरून. मिळवता असो वा नसो, घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा सारखी रक्कम द्यावयाची आणि तिचा हिशेब विचारावयाचा नाहीं, असें मीं सुचविलें. दीर म्हणाले, "मिळवणाऱ्याला आणि न मिळवणाऱ्याला सारखेच? आणि हिशेब नाहीं म्हणजे काटकसर कसली?" चार दिवस हा वाद जेवणाच्या वेळीं चालला. शेवटीं सासूबाईंनीं चष्मा काढून पदरानें पुसला, पुन्हां डोळ्यांवर चढविला आणि त्यांच्याकडे पाहिलें. एक शब्दहि बोलल्या नाहींत. त्या महिन्यापासून रक्कम सुरू झाली.

विजेसारख्या बारीकसारीक गोष्टींविषयीं एवढेंच सांगतें, कीं काटकसर करावयाची तर मोजून करावी. आमच्याकडे दिवे मालविण्यावरून मुलांना उठतां बसतां बोलणीं बसत; आणि पाणी तापविण्याचा विजेचा बंब मात्र खुशाल चालूं राही. दोन हजार वॅटचा बंब अर्धा तास चालला कीं एक युनिट जळतें. तेंच एक युनिट नऊ वॅटच्या दिव्याला १११ तास पुरतें. पोरांना उगाच रागें भरलों! वर्षाचे गहू एकदम भरणें, ऊन देणें, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून ठेवणें हें अकरा माणसांच्या घरांत परवडतें. दोन माणसांच्या बिऱ्हाडांत त्याच काटकसरीला किडे लागतात, म्हणून परदेशीं राहणाऱ्या भाचीला मीं तो उपदेश केला नाहीं. वहाणा मात्र चांगल्या घ्याव्या आणि चांभाराकडून दोनदां शिवून घ्याव्या. स्वस्त वहाणेइतकी महाग वस्तु मीं दुसरी पाहिली नाहीं.

परवा त्या कागदावर एक नवी ओळ दिसली. अक्षर कांपरें, ओळ तिरकी चढत गेलेली: 'ऐकण्याची ज्ञानेश्वरी, त्या लहान यंत्रांतली.' तारीख घालावयास त्या विसरल्या होत्या. नातसुनेनें तें वाचलें आणि पहिल्या तारखेची वाट न पाहतां दुसऱ्याच दिवशीं यंत्र आणून दिलें. नियम मोडला म्हणून दिरांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं खिडकीबाहेर पाहिलें. सासूबाईंनीं किंमत विचारली, उशाखालून आपल्या हातखर्चाचें पाकीट काढलें, नोटा दोनदां मोजल्या आणि सुनेच्या हातावर ठेवल्या. ती नको नको म्हणत होती.

"घे," त्या म्हणाल्या. "आणि हें वहींत लिहूं नकोस."